सहलीची शिदोरी आणि गहू वर्ज्य असलेले मूल

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील सह्याद्रीच्या पायथ्याचे दोन तालुके मुळात भाताचे. खाचरांतून भात आणि डोंगरउताराच्या वरकस जमिनीवर नाचणी व वरई, अशी येथील शेतीची जुनी मांडणी आहे. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी, कुणबी, आगरी अशा येथील समाजांच्या चुलीवर तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, भात, उडदाचे किंवा वालाचे कालवण आणि सुकी मासळी हेच रोजचे अन्न होते आणि पुष्कळ घरांत आजही आहे. गव्हाची चपाती ही सणासुदीची किंवा पाहुण्यांसाठीची. पाव आणि बिस्कीट तर बाजाराच्या दिवशी घरी येणारा खाऊ.

हे सांगण्याचे कारण असे की, ज्या मुलाच्या शरीराला गहू मुळीच सोसत नाही, अशा मुलाला या दोन तालुक्यांतील जुन्या पद्धतीच्या घरात फारशी अडचण पडत नाही. शाळेतही पडत नाही, कारण शालेय पोषण आहारात आपल्या राज्यात मुख्यतः तांदळाचे पदार्थ शिजतात. अडचण पडते ती वर्षातून एकदा, शैक्षणिक सहलीच्या दिवशी. पहाटे निघालेली एसटी, वाटेतल्या हॉटेलात वीस मिनिटांत उरकायचा वडापाव किंवा मिसळपाव, दुपारी पुरीभाजी, संध्याकाळी चहा-बिस्कीट, आणि परतीच्या वाटेवर चपातीचे जेवण, हा सहलीचा ठरलेला आहार म्हणजे पहाटेपासून रात्रीपर्यंत गहूच गहू. वर्षभर निर्धोक राहिलेले मूल त्या एका दिवसात आजारी पडते किंवा उपाशी राहते. पुष्कळदा पालकच संमतिपत्रावर सही करण्याचे टाळतात आणि मूल घरी राहते. वर्गातील एकच मूल शिवनेरी पाहिल्यावाचून राहावे, ही गोष्ट लहान नव्हे.

दुखणे कशाचे

या विकाराला वैद्यकात सिलिअ‍ॅक विकार म्हणतात. गहू, जव आणि राय या तीन धान्यांतील ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे, जन्मतः तशी प्रवृत्ती असलेल्या माणसाच्या लहान आतड्याच्या आतील अस्तराला इजा होते. त्या अस्तरावर अन्नरस शोषून घेणारे सूक्ष्म केसाळ उंचवटे असतात. ते झिजून सपाट होतात आणि खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. पोट फुगणे, वारंवार जुलाब, वजन न वाढणे, उंची खुंटणे, लोहाच्या गोळ्या घेऊनही न हटणारा रक्तक्षय ही याची लक्षणे होत. काही रुग्णांत पोटाची तक्रार अजिबात नसते, केवळ रक्तक्षय किंवा हाडांची दुर्बलता आढळते.

ग्लुटेन म्हणजे काय हे विद्यार्थ्यांना दाखविण्यासाठी प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. कणकेचा घट्ट गोळा मळून अर्धा तास ठेवावा आणि पाण्याच्या बारीक धारेखाली हळूहळू चोळावा. पांढरे सत्त्व वाहून जाते आणि हातात पिवळसर, चिवट, रबरासारखा लगदा उरतो. तेच ग्लुटेन. चपाती लाटताना ती ताणली जाते आणि पाव फुगतो तो याच्याच बळावर. तांदळाच्या किंवा नाचणीच्या पिठाचा गोळा असा धुतला तर हातात काहीच उरत नाही. म्हणूनच त्या पिठाला उकड काढावी लागते किंवा भाकरी हाताने थापावी लागते. गृहिणींना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेला हा फरकच या मुलाच्या आरोग्याचा पाया आहे.

गव्हाचा आणि या दुखण्याचा संबंध निश्चित करण्याचे श्रेय डच बालरोगतज्ज्ञ डॉ. विलेम डिके यांच्याकडे जाते. त्यांना ही शंका १९३० च्या दशकातच आली होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये युद्धामुळे भीषण अन्नटंचाई झाली आणि पाव दुर्मीळ झाला. सर्व देश उपाशी असताना या विकाराची मुले मात्र सुधारू लागली, आणि पाव पुन्हा मिळू लागताच पुन्हा आजारी पडली. डिके यांनी १९५० मध्ये आपल्या प्रबंधात हे निष्कर्ष मांडले. त्यापूर्वी अमेरिकेत डॉ. सिडनी हास हे १९२४ पासून अशा मुलांना केळ्यांचा आहार देत होते आणि मुले बरी होत होती. गुण केळ्यांचा समजला गेला. खरे पाहता तो ताटातून पाव गेल्याचा होता. तथापि केळे हे या मुलांच्या प्रवासातील सर्वांत भरवशाचे खाद्य आहे, ही गोष्ट हास यांच्या चुकलेल्या तर्कानंतरही शिल्लक राहते.

आपल्या देशात या विकाराचे प्रमाण सर्वत्र सारखे नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत प्रौढांमधील प्रमाण उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्य भागात ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के आढळले. प्रवृत्ती देणारी जनुके तिन्ही भागांत कमीअधिक सारखीच असताना फरक पडला तो गव्हाच्या वापरामुळे, असे अभ्यासकांचे मत आहे. महाराष्ट्र या पाहणीत नव्हता. परंतु भातखाऊ मुलखात गहू जसजसा रोजच्या ताटात येईल तसतसे दबलेले रुग्ण पुढे येतील, असे अनुमान यावरून करता येते. मुरबाडची औद्योगिक वसाहत आणि आसनगाव परिसरातील कारखाने यांमुळे उत्तरेकडील अनेक कुटुंबे या तालुक्यांत स्थायिक झाली आहेत. त्यांच्या घरी रोटी हेच मुख्य अन्न असल्याने त्या घरातील रुग्ण मुलाची अडचण अधिक. पाचशे पटाच्या शाळेत उत्तरेकडील प्रमाण धरले तर पाच-सहा मुले आणि दक्षिणेकडील प्रमाण धरले तर दोन शाळांत मिळून एखादे मूल, एवढा हा प्रश्न आहे. संख्या लहान आहे. पण सहल नेणाऱ्या शिक्षकाच्या वाट्याला ते एक मूल कधी ना कधी येतेच.

येथे एक सावधगिरी सांगणे अगत्याचे आहे. एखादे मूल अशक्त आहे म्हणून शिक्षकाने किंवा आशा कार्यकर्तीने स्वतःच्या विचाराने त्याचा गहू बंद करू नये. या विकाराची रक्ततपासणी मूल गहू खात असतानाच करावी लागते. गहू आधीच सोडला तर तपासणीत दोष दिसत नाही आणि निदान लांबणीवर पडते. शंका आल्यास मुलाला मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवून तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने पुढील तपासणीसाठी पाठवावे. एकदा निदान झाले की पथ्य आयुष्यभराचे असते. त्यावर औषध नाही, आणि सहलीपुरती सूटही नाही.

किती थोडे पुरते

‘एक दिवस खाल्ले तर काय होते?’ हा प्रश्न सहलीत हमखास निघतो आणि तो दुष्टपणाने विचारलेला नसतो. त्याचे उत्तर आकड्यांत देणे बरे. साधारण ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीत अडीच ते तीन ग्रॅम ग्लुटेन असते. एका अभ्यासात असे आढळले की, रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात जात राहिले तरी काही महिन्यांत आतड्याला इजा होते. पन्नास मिलिग्रॅम म्हणजे एका पोळीचा पन्नासावा-साठावा भाग, एका घासाचाही लहानसा तुकडा. एका दिवसाच्या चुकीने जीव जात नाही. परंतु अनेक मुलांना काही तासांत उलट्या, कळा किंवा जुलाब सुरू होतात, आणि घाटात अडकलेल्या एसटीत पंचेचाळीस मुलांदेखत ही वेळ येणे म्हणजे त्या मुलाला, विशेषतः मुलीला, पुन्हा कधीही सहलीला न येण्यास पुरेसे आहे.

अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे ‘ग्लुटेनमुक्त’ असे लिहिलेल्या खाद्यपदार्थात एका किलोस २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असता कामा नये. हा आकडा गावातील पिठाच्या गिरणीला लावून पाहण्यासारखा आहे. गव्हाच्या दळणानंतर लगेच पाच किलो तांदूळ दळले आणि गिरणीत मूठभर, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम, कणीक उरलेली होती असे समजा. त्या कणकेत पाच ग्रॅमच्या आसपास ग्लुटेन असते. ते पाच किलो पिठात मिसळले की दर किलोस सुमारे १,००० मिलिग्रॅम झाले. मर्यादेच्या पन्नासपट. आई म्हणते, मुलाला तांदळाची भाकरीच देते, आणि ती खरेच बोलते. तरीही मूल बरे होत नाही, याचे कारण पुष्कळदा गिरणीत असते. घरात जाते असेल तर या मुलापुरते पीठ त्यावर दळणे उत्तम. ते नसेल तर ग्रामपंचायतीने गिरणीवाल्याशी बोलून आठवड्यातील एक दिवस गिरणी झाडून-पुसून प्रथम तांदूळ व नाचणीच दळण्याची सोय करावी, आणि त्या दिवशीही दुसऱ्या कोणाचे दोन-तीन तांदळाचे दळण होऊन गेल्यावर या घरचे दळण घ्यावे. यात कोणाला पैसाही लागत नाही.

दिवसभराचे वेळापत्रक

उदाहरणादाखल शहापूर तालुक्यातील किन्हवली परिसरातून निघणारी एक दिवसाची सहल घेऊ. पहाटे साडेपाचला प्रस्थान. सरळगावला कल्याण-माळशेज रस्ता गाठून टोकावडे येथे सातच्या सुमारास न्याहारी. माळशेज घाट चढून साडेआठपर्यंत माथ्यावर. तेथून बनकर फाट्यामार्गे जुन्नर आणि साडेदहाला शिवनेरीची चढण. दीडला जुन्नरला जेवण, तीनला लेण्याद्री, नंतर ओझर, आणि साडेपाचला परतीची वाट. घरी पोहोचण्यास रात्रीचे साडेनऊ. या आखणीत कुठेही अर्ध्या तासाची सैल जागा नाही. न्याहारीला वीस-पंचवीस मिनिटे आहेत, तेवढ्यात पंचेचाळीस मुले खाऊन, हात धुऊन गाडीत बसायची आहेत. अशा वेळी एका मुलासाठी हॉटेलच्या भटारखान्यात जाऊन ‘यात काय काय घातले आहे’ अशी चौकशी करीत बसणे शक्य नसते. चौकशी होते तीही अर्धवट, आणि मूल किंवा शिक्षक कोणीतरी शेवटी म्हणते की, जाऊ दे.

म्हणून पहिला नियम हाच की, या मुलाचे मुख्य अन्न हॉटेलवर सोपवू नये. ते घरून यावे. हॉटेलकडून घ्यायचे ते केवळ गरम आणि साधे, ज्यात शंकेला जागा नाही असे: वाफेचा कोरा भात, दही, उकडलेली अंडी, दूध. बाकी सारे शिदोरीत.

शिदोरी ही आपल्याकडे नवी कल्पना नाही. प्रवासाला निघणाऱ्याबरोबर दशम्या बांधून देण्याची रीत एसटीच्या आधीची आहे. या मुलाच्या शिदोरीत तांदळाची, उकड काढून केलेली भाकरी असावी. ती उकडीमुळे दुपारपर्यंत मऊ राहते. जोडीला लसूण-शेंगदाण्याची सुकी चटणी, उकडलेले बटाटे किंवा रताळी, नाचणीचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, भाजलेले चणे, सहा-सात केळी. जून करांदे मिळत असतील तर उकडून तेही. शिजवलेला भात मात्र पहाटे डब्यात भरून दुपारी खाऊ नये. गाडीच्या उबेत तो तासन्‌तास राहिला की त्यात जंतू वाढतात आणि त्यांचे विष पुन्हा तापविल्यानेही जात नाही. पथ्य नीट सांभाळले आणि तरी मूल ओकले, असा दोष नसत्या ठिकाणी जाण्याचा हा एक प्रकार आहे.

डबा एका जेवणाचा नव्हे तर दोन जेवणांचा आणि वर एका खाण्याचा असावा. माळशेज घाटात एखादा मालवाहू ट्रक बंद पडला किंवा पावसाळ्यानंतरच्या दुरुस्तीसाठी एकेरी वाहतूक सुरू असली की दोन तास सहज जातात. इतर मुले अशा वेळी टपरीवरचा वडापाव किंवा बिस्कीट खाऊन भूक भागवितात. या मुलाला ती वाट मोकळी नाही. जास्तीचा डबा मुलाच्या पिशवीत न ठेवता शिक्षकाच्या पिशवीत ठेवावा, कारण मुले डबा वाटून खातात आणि भरवशाचा डबा सकाळी दहालाच संपलेला असतो. मुलांच्या स्वभावाला यात दोष देता येत नाही.

हॉटेलशी कसे बोलावे

ग्लुटेन हा शब्द महामार्गावरील हॉटेलात बोलून उपयोग नाही. ‘गहू चालत नाही’ एवढे सांगूनही भागत नाही, कारण मैदा, रवा, शेवया आणि लापशी म्हणजे गहूच हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. चपाती काढून घेतात आणि त्याऐवजी मैद्याचा पाव आणून ठेवतात. शिक्षकाने ही नावे एकेक करून सांगावीत, आणि आदल्या दिवशी दूरध्वनीवर सांगून ठेवावीत.

याहून सोपा मार्ग आपल्या परंपरेतच आहे. महाराष्ट्रातील जवळजवळ प्रत्येक हॉटेलला ‘उपवासाचे’ हा शब्द कळतो. उपवासाच्या पदार्थांत गहू नसतो, हिंग नसते आणि रवा-मैदाही नसतो. साबुदाण्याची खिचडी, वरईचा भात, दाण्याची आमटी, राजगिऱ्याचे लाडू हे सारे या मुलाला चालणारे आहे. शिवाय उपवासाचे पदार्थ वेगळे ठेवावेत ही जाणीव स्वयंपाक्याला आधीपासूनच असते, ती नव्याने शिकवावी लागत नाही. जे काम वैद्यकीय शब्दाने होत नाही ते या एका शब्दाने पुष्कळ ठिकाणी होते. सावधगिरी एवढीच की, तळलेला साबुदाणा वडा घेण्यापूर्वी तेल निराळे आहे का हे पाहावे. ज्या कढईत समोसे आणि मैद्याच्या पुऱ्या तळल्या, त्याच तेलात तळलेला पदार्थ या मुलाला वर्ज्य आहे. बटाटेवड्याचेही तेच. त्याचे आवरण हरभऱ्याच्या पिठाचे, म्हणून दिसायला निर्दोष, पण कढई समोशांची.

लपलेला गहू ओळखणे हा या पथ्याचा सर्वांत अवघड भाग. बाजारात मिळणाऱ्या हिंगेत शुद्ध हिंग थोडी, आणि डिंक व पीठ अधिक असते. ते पीठ अनेकदा गव्हाचे असते. त्यामुळे हॉटेलातील वरणाची फोडणी, सांबार आणि लोणचेही शंकास्पद ठरते. मिसळीची उसळ एक वेळ चालेल, पण वरच्या फरसाणात मैद्याचे तुकडे असतात. इडली तांदूळ-उडदाची असते, तर रवा इडली नावाप्रमाणेच गव्हाची. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरांत गहू घालतात. सातूचे पीठ आपल्याकडे गहू आणि डाळ्यांचेच असते. कुरडई गव्हाच्या चिकाची. दुधात घालून मुलांना पाजतात त्या पौष्टिक भुकटीत जवाचे माल्ट असते, आणि आई ती भुकटी मुलाच्या अशक्तपणावर उपाय म्हणून मोठ्या आशेने देत असते. पाकीटबंद पदार्थांवर ग्लुटेनयुक्त धान्याचा उल्लेख करणे २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार बंधनकारक आहे. तो वाचण्याची सवय सातवी-आठवीच्या मुलाला स्वतःलाच लावता येते. सुट्या फरसाणावर असे काही लिहिलेले नसते, म्हणून ते घेऊच नये.

देवस्थानातील प्रसाद हा निराळा आणि नाजूक विषय आहे. प्रसाद म्हणून शिरा हातावर पडला तर तो नाकारणे मुलाला जमत नाही, आणि शेजारच्या भाविकांनाही ते रुचत नाही. मुलाने तो घेऊन कपाळाला लावावा आणि मैत्रिणीच्या हातावर ठेवावा. खोबरे, खडीसाखर आणि केळे हेही प्रसादच असतात. शिक्षकाने हे गाडीतच सर्वांना सांगून ठेवले तर देवळात कोणी डोळे वटारत नाही.

शाळेने करावयाची तयारी

सहलीच्या संमतिपत्रात आहाराविषयी एक रकाना असावा. तेथे ‘काही आजार आहे काय’ असे विचारले तर पालक बहुधा ‘नाही’ असेच लिहितात, कारण पथ्याने बरे असलेले मूल त्यांच्या दृष्टीने आजारी नसते. शिवाय आजार लिहिला तर मुलाला नेणार नाहीत, अशी भीतीही असते. त्याऐवजी ‘डॉक्टरांनी कोणता पदार्थ वर्ज्य केला आहे’ असे विचारावे. उत्तर मिळते. भावंडांतही हा विकार इतरांपेक्षा अनेक पटींनी अधिक आढळत असल्याने त्याच शाळेत भाऊ किंवा बहीण असल्यास त्यांचाही विचार त्याच वेळी करावा.

सहलीपूर्वी पालकांना शाळेत बोलावून वेळापत्रक दाखवावे: गाडी कोठे किती वेळ थांबणार, कोठे पाणी मिळणार, रात्री उशीर झाला तर काय. आईला ही माहिती असली की डब्यात काय आणि किती घालावे हे ती शिक्षकापेक्षा अधिक चांगले ठरवू शकते. निघण्याच्या वेळी सोबतच्या शिक्षकांपैकी एकाकडे या मुलाच्या जेवणाची जबाबदारी स्पष्टपणे सोपवावी. ‘सर्वांनीच लक्ष ठेवा’ असे म्हटले की कोणीच ठेवत नाही. पंगतीत या मुलाला पहिल्यांदा वाढावे, म्हणजे चपातीला लागलेला हात आणि भाजीत बुडालेला पोळीचा तुकडा यांचा प्रश्नच येत नाही. भात वाढण्याची पळी वेगळी असावी. ताटाऐवजी केळीचे पान किंवा स्वच्छ पत्रावळ बरी. मुलगा किंवा मुलगी वेगळी बसविण्याचे मात्र कारण नाही. पंगतीच्या टोकाला, मित्रांच्या शेजारी, स्वतःचा डबा उघडून बसणे पुरेसे आहे.

एवढी खबरदारी घेऊनही चूक होऊ शकते. त्या वेळी मुलाला रागे भरू नये. जुलाब-उलट्या झाल्यास जलसंजीवनीचे पाणी घोटघोट पाजावे, मुलाला गाडीच्या पुढच्या बाकावर बसवावे आणि तापासह त्रास वाढत गेल्यास वाटेतील सरकारी रुग्णालय गाठावे. जुन्नर, ओतूर आणि मुरबाड ही ठिकाणे वाटेवरच आहेत. प्रथमोपचार पेटीत जलसंजीवनीची पाकिटे प्रत्येक सहलीत असावीतच, ती केवळ या एका मुलासाठी नव्हेत.

आसनगाव किंवा आटगाव येथून लोकलने मुंबईला जाणाऱ्या सहलींची गोष्ट थोडी वेगळी. तेथे जेवण बहुधा बांधलेल्या पाकिटांतून मिळते, आणि पाकिटात पुरी-भाजी ठरलेली. पाकिटे तयार करणाऱ्या महिला बचत गटाला आधी सांगितले तर एक पाकीट भाकरी-चटणीचे करणे त्यांना जड नाही. फक्त ते पुऱ्या लाटण्यापूर्वी, स्वच्छ ओट्यावर आणि निराळ्या तव्यावर करून, नाव घालून बाजूला ठेवावे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाल्यापासून नाचणीचे लाडू आणि बिस्किटे करणारे बचत गट वाढले आहेत. त्यांच्या बिस्किटांत नाचणीबरोबर मैदा किंवा कणीक असते काय, हे विचारून घ्यावे लागते, कारण नुसत्या नाचणीचे बिस्कीट ठिसूळ होते म्हणून अनेक जण थोडी कणीक घालतातच. ‘नाचणीचे’ हे नाव पथ्याची हमी देत नाही.

काही शाळांत अशा प्रसंगी सर्वांसाठीच एक जेवण भाकरीचे ठेवण्याचा विचार पुढे येतो. तो चांगला आहे, पण एका मुलासाठी सर्वांना पथ्य, अशा शब्दांत तो मांडू नये. जुन्नरच्या हॉटेलात पुरीभाजीसाठी जेवढे पैसे लागतात, जवळपास तेवढ्यातच घरोघरच्या दोन भाकऱ्या, पिठले आणि ठेचा शिवनेरीच्या पायथ्याशी झाडाखाली बसून खाता येतो, आणि पंचवीस मिनिटांऐवजी पंधरा मिनिटांत पंगत उठते. वेळापत्रकात उरलेली ती दहा मिनिटे गडावर कामी येतात.

सहल परत आली की त्याच आठवड्यात सोबतच्या शिक्षकाने शाळेच्या सहल नोंदवहीत चार ओळी लिहाव्यात: कोणत्या हॉटेलने कोरा भात वेळेवर दिला, कोठे तेल वेगळे होते, डब्यातले काय उरले आणि काय कमी पडले. पुढच्या वर्षी सहलीची जबाबदारी बहुधा दुसऱ्या शिक्षकाकडे असते, आणि मूल मात्र तेच असते.